ध्वनिक पुनःप्रदाय (माइकची शिट्टी)

ध्वनिक पुनःप्रदाय म्हणजे ध्वनिवर्धकातून बाहेर पडलेला आवाज त्याच यंत्रणेच्या मायक्रोफोनमध्ये परत शिरून, पुन्हा वर्धित होऊन, पुन्हा बाहेर पडण्याची आणि या फेऱ्यांतून सलग शिट्टी, कुई किंवा घुमारा निर्माण होण्याची क्रिया होय. शास्त्रीय लेखनात यासाठी प्रतिभरण हा शब्दही वापरला जातो. व्यवहारात मात्र ‘फीडबॅक’, ‘माइक शिट्टी मारतो’, ‘माइक कुई करतो’ असेच म्हटले जाते. डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ सोरेन आब्सालोन लार्सन (१८७१–१९५७) यांच्या नावावरून या क्रियेला लार्सन परिणाम असेही नाव आहे.

कीर्तनाचा मंडप, शाळेचे स्नेहसंमेलन, लग्नाचे सभागृह आणि अलीकडे घरातील कराओके संच या सर्व ठिकाणी ही अडचण आढळते. त्यांपैकी घरातील खोली ही सर्वांत लहान जागा असली, तरी शिट्टी टाळण्याच्या दृष्टीने ती बहुधा सर्वांत अवघड असते. त्याचे कारण खोलीच्या रचनेत आहे.

कार्यकारणभाव

मायक्रोफोन, विवर्धक, ध्वनिवर्धक आणि त्यांच्यामधील हवा मिळून एक बंद वर्तुळ तयार होते. एखाद्या कंप्रतेचा आवाज या वर्तुळात एक फेरी पूर्ण करून माइकपाशी परतताना पूर्वीइतका किंवा पूर्वीपेक्षा मोठा असेल आणि त्याच्या लहरी मूळ लहरींशी जुळून येत असतील, तर ती कंप्रता आपोआप वाढत जाते. विद्युत मंडलांच्या संदर्भात जर्मन अभियंते हाइनरिख बार्कहाउझेन यांनी मांडलेला आंदोलनाचा निकष तो हाच. गायक गप्प असला तरी शिट्टी सुरू होऊ शकते. वर्तुळाला आरंभासाठी पंख्याचा किंवा विवर्धकाचा स्वतःचा सूक्ष्म खरखराट पुरेसा असतो.

आवाजाचा वेग २० अंश सेल्सियस तापमानाला सेकंदास सुमारे ३४३ मीटर असतो. माइक आणि स्पीकर यांच्यात ३.४ मीटर अंतर असेल, तर एका फेरीला साधारण १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला शंभर फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत आवाज केवळ १ डेसिबलने वाढला, तरी सेकंदाभरात ही वाढ १०० डेसिबलपर्यंत जाऊ शकते. प्रत्यक्षात त्याआधीच विवर्धकाची मर्यादा गाठली जाते आणि आवाज तेथे स्थिरावतो. शिट्टी ‘अचानक’ आल्यासारखी वाटते ती यामुळेच. मर्यादेच्या अलीकडे सारे शांत असते आणि मर्यादा ओलांडताच क्षणार्धात किंकाळी उमटते. तरीही अगदी उंबरठ्यावर असताना एक पूर्वसूचना मिळते. गायलेल्या शब्दामागे धातूच्या भांड्यासारखा एक नाद रेंगाळू लागतो. म्हणून ध्वनियोजनेत शिट्टी सुरू होण्याच्या पातळीखाली साधारण ६ डेसिबलचे अंतर राखून काम करण्याची पद्धत आहे.

शिट्टीचा स्वर कोणता असेल हे माइक, स्पीकर व खोली यांपैकी ज्याचा प्रतिसाद ज्या कंप्रतेला सर्वाधिक असेल त्यावर ठरते. खालच्या पट्टीतील ‘हूऽ’ असा घुमारा बहुधा २०० ते ५०० हर्ट्झच्या आसपास, कान टोचणारी शिट्टी २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास आणि ‘सीऽ’ असा बारीक आवाज त्याहून वर असतो.

घरातील गुणगुण मात्र नेहमीच पुनःप्रदायाची नसते. माइक बंद केला तरी कायम राहणारी, माइक हलवल्याने न बदलणारी ‘घूं’ ही बहुधा ५० हर्ट्झच्या वीजप्रवाहाची असते आणि तिचे मूळ सदोष अर्थिंगमध्ये किंवा वायरच्या तुटक्या जाळीत सापडते. तिच्यावर माइकची जागा बदलण्याचा उपाय निरुपयोगी ठरतो.

खोली: मूळ अडचण

उघड्या माळावर स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले, की त्याचा आवाज ६ डेसिबलने कमी होतो. सप्ताहाच्या मंडपात भोंगे कीर्तनकाराच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून आणि दूर बांधले जातात, यामागे हेच गणित आहे. घरात हे गणित चालत नाही.

बीड जिल्ह्यातील नव्या घरांत सामान्यतः आढळणारी रचना उदाहरणादाखल घेता येईल: १० × १२ फुटांची बैठकीची खोली, १० फूट उंचीचा सिमेंटचा स्लॅब, गिलावा केलेल्या भिंती आणि खाली शहाबादी किंवा चकचकीत टाइलची फरशी. हे सर्व पृष्ठभाग आवाजाचा जेमतेम दोन-चार टक्के भाग शोषतात आणि उरलेला परत फेकतात. अशा रिकाम्या खोलीचे घनफळ सुमारे ३४ घनमीटर आणि पृष्ठफळ सुमारे ६३ चौरस मीटर भरते. सॅबाइन यांच्या सूत्राने तिचा निनादकाल, म्हणजे आवाज ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ, जवळपास तीन सेकंद येतो. अशा जागेत स्पीकरपासून दीड-दोन फुटांच्या पलीकडे थेट आवाजापेक्षा भिंतींवरून परतलेला आवाजच अधिक असतो आणि तो खोलीभर जवळपास सारखा पसरलेला असतो. परिणामी माइक स्पीकरपासून सहा फुटांवर धरला काय आणि नऊ फुटांवर धरला काय, शिट्टीच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही. स्पीकर ‘आणखी लांब’ नेण्याचा सल्ला घरात अनेकदा निष्फळ ठरतो तो यामुळेच.

येथे उपयोगी पडते ते शोषण. दुहेरी पलंगाची कापसाची एक गादी भिंतीला उभी टेकवली, तर रिकाम्या खोलीचे एकूण शोषण ढोबळमानाने दुप्पट होते, निनादकाल निम्म्यावर येतो आणि परतणारा आवाज सुमारे ३ डेसिबलने घटतो. जमलेली माणसेही शोषकाचे काम करतात. दुपारी एकट्याने जुळवून ठेवलेला संच रात्री पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत अधिक स्थिर वागतो आणि पाहुणे उठून गेले की पुन्हा कुरकुरू लागतो. दोरीवर टाकलेली वाकळ किंवा जाड पडदा मध्यम व उंच स्वरांना उपयोगी पडतो. खालच्या पट्टीतील घुमाऱ्यावर मात्र त्याचा परिणाम नगण्य असतो.

जुन्या माळवदाच्या घरांत परिस्थिती निराळी असते. लाकडी तुळया व फळ्यांवर मातीचा थर असलेले छत आणि शेणामातीने सारवलेल्या भिंती व जमीन यांचा पोत सिमेंटपेक्षा सच्छिद्र असतो, त्यामुळे तेथे आवाज तितका खणखणत नाही. याउलट पत्र्याचे छप्पर असलेल्या खोल्या आणि गावोगावी देवळांपुढे उभारलेले पत्र्याचे सभामंडप या दृष्टीने त्रासदायक असतात.

माइक धरण्याची रीत

घरगुती संचांबरोबर मिळणारे हातातले माइक बहुधा हृदयाकृती ग्रहणक्षेत्राचे असतात. असा माइक समोरचा आवाज पूर्ण ग्रहण करतो, बाजूचा सुमारे ६ डेसिबलने कमी आणि बरोबर पाठीमागचा सर्वांत कमी. म्हणून स्पीकर माइकच्या पाठीकडे असणे इष्ट.

कराओकेत गायक शब्द वाचण्यासाठी टीव्हीकडे तोंड करून उभा असतो आणि स्पीकर बहुधा टीव्हीशेजारीच असतो. वरवर पाहता स्पीकर गायकाच्या तोंडासमोर असणे चुकीचे वाटते. प्रत्यक्षात माइक आडवा, तोंडाच्या रेषेत धरला तर त्याची पाठ नेमकी स्पीकरकडे येते आणि ही मांडणी उत्तम ठरते. बिघाड तीन ठिकाणी होतो. पहिला, माइक मेणबत्तीसारखा उभा धरला जातो, त्यामुळे स्पीकर पाठीकडून बाजूला येतो. दुसरा, दोन कडव्यांमधील संगीताच्या वेळी हात खाली सोडला जातो आणि माइकचे तोंड फरशीकडे किंवा थेट स्पीकरकडे वळते. घरातील निम्म्याहून अधिक शिट्ट्या गाताना नव्हे तर अशा विश्रांतीच्या क्षणी येतात, असे म्हटले तर फारसे वावगे ठरू नये. तिसरा दोष सहसा लक्षात येत नाही. माइकचे तोंड गायकाकडे असते, म्हणजेच गायकाच्या मागच्या भिंतीकडेही असते. स्पीकरचा आवाज त्या भिंतीवर आपटून माइकच्या सर्वांत संवेदनशील बाजूने आत शिरतो. म्हणून घरात एकच गादी किंवा एकच जाड पडदा उपलब्ध असेल, तर तो स्पीकरमागे न लावता गायकाच्या पाठीमागे लावावा.

माइकची जाळी मुठीत आवळून धरण्याची सवय मुलांमध्ये आणि हौशी गायकांमध्ये सर्रास आढळते. हृदयाकृती माइकची दिशाक्षमता जाळीमागील छिद्रांतून आत येणाऱ्या आवाजावर अवलंबून असते. ती छिद्रे झाकली, की माइक सर्व दिशांचा आवाज सारखाच घेऊ लागतो. शिट्टी आली की घाबरून जाळीवर हात ठेवणे हा म्हणूनच नेमका उलटा उपाय आहे.

तोंड आणि माइक यांतील अंतर हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक घटक होय. हे अंतर निम्मे केले, की गायकाचा आवाज माइकमध्ये सुमारे ६ डेसिबलने वाढतो, पण स्पीकरकडून येणाऱ्या आवाजात काहीच वाढ होत नाही. ओठांपासून दोन इंचांवर गाणारा आणि आठ इंचांवर गाणारा यांच्यात १२ डेसिबलचा फरक पडतो. एवढा लाभ कोणत्याही बटणाने मिळत नाही. तथापि प्रत्यक्षात घडते ते वेगळेच. एकदा किंकाळी ऐकलेला गायक माइकपासून दूर सरतो. त्याचा आवाज कमी ऐकू येतो म्हणून कोणीतरी माइकचा आवाज वाढवतो आणि दुसरी किंकाळी पहिल्यापेक्षा लवकर येते. मृदू आवाजाच्या स्त्रिया, वृद्ध आणि लहान मुले या चक्रात सर्वाधिक सापडतात आणि ‘माझ्या आवाजाला माइक चालत नाही’ अशी समजूत करून घेऊन गाणे सोडून देतात. दोष आवाजाचा नसून अंतराचा असतो.

संचाची जुळवणी

बाजारात मिळणाऱ्या घरगुती संचांत तीन प्रकार मुख्य आहेत: विवर्धक, मिक्सर व वेगळे स्पीकर, चाकांचा ट्रॉली स्पीकर, आणि दांड्यातच स्पीकर असलेला ब्लूटूथ माइक. तिसऱ्या प्रकारात माइक व स्पीकर यांच्यात वीतभरही अंतर नसते, त्यामुळे त्याचा आवाज मुळातच मर्यादित ठेवावा लागतो. ट्रॉली स्पीकरची अडचण उंचीची आहे. तो जमिनीवर असतो आणि त्याचा आवाज फरशीवरून वर उडतो. खुर्चीवर किंवा स्टुलावर ठेवून, कोपऱ्यापासून बाहेर घेऊन आणि गायकापेक्षा श्रोत्यांकडे अधिक वळवून ठेवल्यास तो बराच निमूट राहतो. कोपऱ्यात ढकललेल्या स्पीकरचे खालचे स्वर फुगतात व घुमारा वाढतो.

सर्वाधिक हानी करणारे बटण बहुधा ‘इको’ हे असते. इकोमुळे आवाज भरदार आणि ‘रेकॉर्डिंगसारखा’ वाटतो म्हणून घरी तो मुक्तहस्ताने दिला जातो. परंतु प्रत्येक प्रतिध्वनी म्हणजे वर्तुळात घातलेली आणखी एक वाट असते आणि शिट्टीची मर्यादा तितकी खाली येते. काही संचांत इकोची पुनरावृत्ती वाढवण्याचे स्वतंत्र बटण असते. ते शेवटपर्यंत फिरवल्यास इकोच्या मंडलातच आंदोलन सुरू होते आणि माइक बंद केला तरी आवाज थांबत नाही. गोंगाट कशामुळे होतो आहे हे ओळखण्यासाठी प्रथम इको शून्यावर आणणे हा तपासणीचा पहिला टप्पा मानला जातो.

उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली, की शिट्टीपूर्वी मिळणारा उपयुक्त आवाज सुमारे ३ डेसिबलने घटतो. युगलगीत संपल्यावर दुसरा माइक सोफ्यावर चालूच पडलेला असतो, आणि तो वापरात नसला तरी या हिशोबात धरला जातोच. आवाजातील चढउतार सपाट करणारी स्वयंचलित सोयही अशीच फसवी ठरू शकते. गायक थांबला की ती माइकची संवेदनशीलता आपणहून वाढवते आणि शांततेतच शिट्टी उगवते.

घरगुती मिक्सरवर बेस, मिड व ट्रेबल एवढीच बटणे असतात. घुमारा असल्यास बेस आणि ‘सी’ असल्यास ट्रेबल थोडे उतरवणे उपयोगी पडते. १०० हर्ट्झखालचे स्वर कापणारे बटण असेल, तर ते माइकसाठी चालू ठेवण्यात तोटा नसतो, कारण त्याखाली गाण्याच्या आवाजात फारसे काही नसते. ३१ पट्ट्यांचे ग्राफिक इक्वलायझर असल्यास तज्ज्ञ माइकचा आवाज हळूहळू वाढवत नेतात, पहिली शिट्टी ज्या पट्टीत येते ती थोडी उतरवतात आणि पुन्हा वाढवतात. अशा तीन-चार पट्ट्यांनंतर लाभ संपतो आणि आवाज मात्र पोकळ होऊ लागतो.

मोबाइलचा माइक ब्लूटूथने स्पीकरला जोडल्यास निराळाच अनुभव येतो. या जोडणीत सेकंदाच्या पंचमांशाएवढा विलंब असू शकतो. विलंबाने पुनःप्रदाय टळत नाही, केवळ फेऱ्या कमी होतात. शिट्टीऐवजी शब्दांचे तुकडे एकामागून एक आदळत, हळूहळू वाढत जातात. त्यातच स्वतःचा आवाज मागे पडून ऐकू येत असल्याने तालात गाणेही अशक्य होते.

स्वयंचलित उपाय व त्यांच्या मर्यादा

शिट्टीची कंप्रता ओळखून तेवढीच अरुंद पट्टी कापणारी उपकरणे उपलब्ध आहेत. त्यांची अडचण अशी, की बासरी, शिट्टी किंवा ताणून धरलेला एखादा सूर यांनाही ती पुनःप्रदाय समजू शकतात. बेल प्रयोगशाळेत काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ मान्फ्रेड श्रोडर यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी दुसरा मार्ग दाखवला. प्रत्येक फेरीत आवाजाची कंप्रता सुमारे ५ हर्ट्झने सरकवली, तर कोणतीही एक कंप्रता साचत नाही. भाषणासाठी ही युक्ती उत्तम आहे. गाण्यात मात्र २०० हर्ट्झच्या सुराला ५ हर्ट्झचा धक्का म्हणजे जवळपास पाव स्वराचा बेसूर होतो आणि संगीताच्या ट्रॅकशी तो भांडू लागतो.

तापमानाचाही येथे संबंध येतो. बीड परिसरात हिवाळ्यात पहाटे पारा १२ अंशांच्या आसपास उतरू शकतो आणि उन्हाळ्यात दुपारी ४० अंशांच्या पुढे जातो. या दोन टोकांमध्ये आवाजाच्या वेगात सुमारे ५ टक्क्यांचा फरक पडतो. खोलीमुळे १,००० हर्ट्झवर येणारी शिट्टी १,०५० हर्ट्झच्या आसपास सरकू शकते, म्हणजे हार्मोनियमच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराहून किंचित कमी. ग्राफिक इक्वलायझरची पट्टी एवढा बदल सामावून घेते, पण काकडआरतीला जुळवलेला अरुंद काप उन्हाळ्यातील दुपारच्या कार्यक्रमात चुकीच्या जागी पडलेला असू शकतो.

कीर्तन-भजनाची परंपरा

बीड जिल्ह्यात ध्वनिक्षेपणाचा जनसामान्यांशी आलेला सर्वांत दाट संबंध कराओकेचा नव्हे, तर अखंड हरिनाम सप्ताहाचा आहे. पाटोदा तालुक्यातील गहिनीनाथगड, बीडजवळचे नारायणगड आणि आद्यकवी मुकुंदराज व दासोपंत यांच्या समाध्या असलेले अंबाजोगाई अशी वारकरी व संतपरंपरेची केंद्रे येथे आहेत. सप्ताहात काकडा, हरिपाठ, कीर्तन व जागर असे कार्यक्रम दिवसरात्र चालत असल्याने माइक हाताळण्याचे ज्ञान गावोगावच्या मंडप-साउंड व्यावसायिकांकडे अनुभवातून जमा झालेले असते.

कीर्तनातील अडचण घरापेक्षा वेगळ्या अंगाने बिकट असते. कीर्तनकार, गायनाचार्य, पेटी व मृदंग असे चार माइक एकाच वेळी उघडे असतील, तर एका माइकच्या तुलनेत ६ डेसिबल आधीच हातचे गेलेले असतात. त्यातच कीर्तनकार स्थिर उभा राहत नाही. तो टाळकऱ्यांकडे वळतो, पुढे येतो, मागे सरतो. गालाजवळ राहणारा हेडसेट माइक या ठिकाणी सोयीचा ठरतो, कारण तोंड आणि माइक यांतील अंतर कायम राहते. छातीवर लावलेला कॉलर माइक दिसायला सुटसुटीत असला, तरी तो ओठांपासून दूर आणि बहुधा सर्व दिशांचा आवाज घेणारा असतो. भोंग्यांच्या सान्निध्यात तो लवकर शिट्टी देतो.

घरगुती कराओकेला या अनुभवातून घेण्यासारखी एक गोष्ट आहे. अनुभवी साउंडवाला कार्यक्रमाआधी माइक स्पीकरसमोरून फिरवून शिट्टी मुद्दाम काढून पाहतो आणि तेथून आवाज खाली आणतो. घरात ही चाचणी गाणे सुरू झाल्यानंतर, पाहुण्यांसमोर होते.

हानी

पुनःप्रदायाचा सलग स्वर केवळ कानाला अप्रिय नसतो. संगीतात विवर्धकाच्या कमाल शक्तीचा लहानसा भागच सरासरीने स्पीकरपर्यंत पोहोचतो, तर शिट्टीत ती शक्ती जवळपास पूर्णपणे आणि एकाच कंप्रतेवर पोहोचते. उंच स्वरांच्या छोट्या ट्वीटरमधील बारीक तारेची गुंडाळी त्यामुळे काही सेकंदांत जळू शकते. त्यानंतर संच चालू राहतो, पण आवाज बसका व गुदमरलेला येतो, आणि तो स्पष्ट व्हावा म्हणून ट्रेबल वाढवले जाते, जे आता व्यर्थ असते. शिट्टी आल्यास माइक हातातून टाकू नये किंवा झाकू नये. तो तोंडाजवळ आडवा धरून स्पीकरकडे त्याची पाठ करावी आणि त्याचे बटण बंद करावे. स्पीकरच्या जवळ बसलेल्या तान्ह्या मुलांच्या कानांना अशा अचानक आवाजाचा धोका अधिक असतो.

भारतात ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर परिसराच्या मानकापेक्षा ५ डेसिबलहून अधिक असता कामा नये. उघड्या खिडकीतून बाहेर जाणारी एक शिट्टी गाण्यापेक्षा कितीतरी लांब ऐकू जाते, कारण मानवी कान २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असतो.

संबंधित प्रकार

विद्युत गिटारवादनात पुनःप्रदाय हेतुपुरस्सर वापरला जातो. बीटल्स या गटाच्या १९६४ मधील ‘आय फील फाइन’ या गीताच्या आरंभी तो ऐकू येतो आणि जिमी हेंड्रिक्स यांनी तो वादनाचाच भाग बनवला. श्रवणयंत्रातही हीच क्रिया घडते. कानातील साचा सैल बसला, की यंत्राचा वर्धित आवाज फटीतून बाहेर येऊन त्याच्याच माइकमध्ये शिरतो आणि बारीक शिट्टी वाजते. वापरणाऱ्याला उंच स्वर ऐकू येत नसल्यास ती त्याला कळतही नाही आणि घरातील इतर माणसे मात्र ती ऐकत असतात. तेथेही उपाय आवाज कमी करण्याचा नसून प्रथम साचा नीट बसवण्याचा असतो.